‘अर्धसत्य’मधली तक्रार करणारी बाई



मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक संपल्यावर आम्ही समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर बांधली आणि एक जुना सिनेमा लावला. कर्जाचे हप्ते, इतिवृत्त, सह्या असं सगळं आटपेपर्यंत सात वाजले होते. निम्म्या जणी भाकरी टाकायच्या म्हणून उठल्या होत्या, त्यांनाही हात धरून बसवलं. सिनेमा होता ‘अर्धसत्य’, १९८३ सालचा. आमच्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा जन्मल्याही नव्हत्या.

हाच सिनेमा का, ते आधी सांगतो. आमच्या एका गटातल्या ताईला शेताच्या वाटेवर एक जण सारखा अडवत होता. ती तक्रार द्यायला दोनदा ठाण्यात गेली आणि दोनदा परत आली. ठाणं कोणतं ते आम्ही सांगणार नाही. पहिल्यांदा तिला सांगितलं, साहेब बंदोबस्ताला गेलेत. दुसऱ्यांदा सांगितलं, गावातलंच आहे तर समजुतीनं मिटवा. ती बैठकीत चिडून म्हणाली, “यांच्यापेक्षा सिनेमातले पोलीस बरे. कानाखाली देतात आणि विषय संपतो.” सगळ्या जणी हसल्या. आम्हीही हसलो, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. म्हटलं, पोलिसांवरचा एक सिनेमा सगळ्या मिळून बघू आणि विषय संपतो का ते पाहू.

पोलीस पडद्यावर कसा दिसतो, याची आपल्या मनात दोन चित्रं असतात. एक ‘पांडू हवालदार’चं. दादा कोंडक्यांचा तो सिनेमा १९७५ सालचा, आजही गणपतीत मंडळं लावतात आणि पोरंसोरं खिदळतात. दुसरं ‘जंजीर’मधल्या इन्स्पेक्टर विजयचं. ‘जंजीर’ १९७३ सालचा. त्यात अमिताभ बच्चन खुर्चीला लाथ मारतो आणि समोरचा दांडगट माणूस गप्प होतो. म्हणजे एक पोलीस हसायला आणि एक टाळ्या वाजवायला. त्यानंतर दहा वर्षांनी ‘अर्धसत्य’ आला. त्यातला सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर या दोन्हींत बसत नाही. बघताना एक काकू विचारायला लागल्या, “अगं, हिरो कधी यायचाय?” ओम पुरी तेव्हा अर्धा तास झाला समोरच दिसत होते!

हा सिनेमा हिंदी असला तरी त्याचं मूळ मराठी आहे, हे आम्हालाही उशिरानं कळलं. श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ नावाची मराठी कथा, तिच्यावर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. ‘अर्धसत्य’ हे नाव दिलीप चित्र्यांच्या कवितेचं, आणि ती कविता सिनेमात अनंतच्या तोंडी येते. दिग्दर्शन गोविंद निहलानींचं आणि कॅमेराही त्यांचाच. रामा शेट्टी हा गुंड झालेले सदाशिव अमरापूरकर नगरचे, मराठी नाटकातून आलेले. ओम पुरींना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटही हाच ठरला.

आता गोष्ट. अनंतचा बाप पोलिसात शिपाई होता, आता निवृत्त होऊन गावी राहतो. बापाचं काम अमरीश पुरींनी केलंय. अनंतला पुढं शिकायचं होतं, पण बापानं त्याला पोलिसात घातलं. पोरगा मुंबईत सबइन्स्पेक्टर झाला. काम चोख करतो, पैसे खात नाही. एक दिवस मोलमजुरी करणाऱ्या एका माणसाच्या बायकोला वस्तीतले गुंड त्रास देतात. तिची तक्रार येते. अनंत त्या गुंडांना उचलून कोठडीत टाकतो आणि बेदम चोपतो.

इथं आमच्या समाजमंदिरात टाळ्या पडल्या. आम्ही खोटं सांगणार नाही, पहिली टाळी आमचीच होती.

पुढं कळतं की ते गुंड एका आमदाराचे. आमदाराचा निरोप येतो, अनंत त्यांना सोडत नाही. आमदाराला अपमान वाटतो आणि तो अनंतच्या निलंबनाच्या मागं लागतो. अनंतचा वरिष्ठ हैदर अली हा जुना, मुरलेला इन्स्पेक्टर. शफी इनामदारांनी ते काम फार छान केलंय. तो अनंतला सांगतो, असं चालत नाही बाबा. आणि दिल्लीपर्यंत ओळखी असलेल्या देसाई नावाच्या मध्यस्थाकरवी प्रकरण दडपतो. अनंतची नोकरी वाचते. पण ती कायद्यानं वाचत नाही, ओळखीनं वाचते. ज्या ओळखीच्या जोरावर गुंड सुटतात, त्याच रस्त्यानं आपणही सुटलो, हे त्याला टोचत राहतं.

आम्ही सिनेमा इथं थांबवला. प्रोजेक्टर तापला होता, त्यालाही विश्रांती हवीच होती. आम्ही विचारलं, “त्या बाईचं काय झालं?”

कोणाला सांगता येईना. आमदाराचं काय झालं, साहेबाचं काय झालं, देसाईचं काय झालं, सगळं लक्षात होतं. जिच्या तक्रारीवरून हे रामायण घडलं ती बाई मागं राहून गेली. तिची तक्रार कुणी लिहून घेतली का? कोर्टात गेली का? तिला पुन्हा त्याच वस्तीत, त्याच नळावर पाण्याला जायचं होतं. तिथं तिला कोण भेटलं असेल? सिनेमा अनंतचा आहे, तो अनंतच्या मागं जाणार. निहलानी आणि तेंडुलकर यांच्यावर आमचा राग नाही. पण गुंडांना मार मिळाला म्हणून टाळी वाजवताना आम्हीही त्या बाईला विसरलो होतो, हे आम्हाला बोचलं. मार देऊन विषय संपला नव्हता. बाईचा विषय सुरूच झाला नव्हता.

यातच दुसरी एक बाई आहे, अनंतची आई. बाप तिला मारायचा, आणि लहानगा अनंत ते बघत उभा राहायचा. मोठा झाल्यावर तो बापाला त्याचा जाब विचारतो. हा प्रसंग चालू असताना समाजमंदिरात कुणी चुळबूळसुद्धा केली नाही. नंतर एक सत्तरीच्या आजी म्हणाल्या, “ती बाई कुठल्या ठाण्यात जाणार होती? तिच्या घरातच ठाणं होतं.” यापुढं आम्ही काय बोलणार? बापाच्या हातातला मार पोराच्या हातात कसा येतो, ते सिनेमा पुढं दाखवतोच.

अनंत जिवावर उदार होऊन एका दरोडेखोराला पकडतो, आणि श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळतं. रामा शेट्टीच्या टोळीनं जाळून, मारून टाकून दिलेल्या एका माणसाला तो दवाखान्यात नेतो, त्याचा जबाब घेतो. जबाबात रामा शेट्टीचं नाव असतं. अनंत त्याला अटक करायला जातो तर शेट्टी शांतपणे फोन उचलतो, आणि वरून हुकूम येतो, परत फिर. वर त्याच शेट्टीच्या निवडणुकीच्या सभेला बंदोबस्त द्यायचा तोही अनंतनंच. माइक लोबो नावाचा एक निलंबित इन्स्पेक्टर दारू पिऊन दारोदार फिरत असतो. ते काम नसीरुद्दीन शहांचं, छोटंसंच. उद्या आपणही असेच होणार, हे अनंतला त्याच्यात दिसतं. अनंतही पिऊ लागतो. आणि एका रात्री कोठडीत आणलेल्या एका किरकोळ चोराला तो असा मारतो, की चोर मरतो.

या वेळी टाळी पडली नाही.

पण हात तोच होता हो. आमदाराच्या गुंडांवर पडला तेव्हा आपल्याला गोड लागला. रामा शेट्टीवर तो हात पडू शकला नाही, म्हणून सगळ्यात कमी ताकदीच्या माणसावर पडला. जशी घरात भडास आईवर निघायची, तशीच. आमची ती चिडलेली ताई हळूच म्हणाली, “त्या चोराचीपण बायको असंल की.”

आता कोठडीविषयी थोडं, कारण हे आपल्या घरच्या पोरांवरही येऊ शकतं. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं, हे आपल्या संविधानाच्या २२ व्या कलमातच आहे. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात पोलिसांना स्पष्ट नियम घालून दिले: अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा कागद तिथल्या तिथं करायचा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची, नातेवाइकांना कळवायचं, डॉक्टरी तपासणी करायची. हे निकाल ‘अर्धसत्य’नंतर तेरा वर्षांनी आले. सिनेमातल्या त्या चोराच्या घरी कुणी कळवलं होतं का, कोण जाणे.

एवढं ऐकून सगळा दोष खाकी वर्दीला द्यावा असं वाटेल. पण शेजारच्या गटात एका शिपायाची बायको सदस्य आहे, तीही सिनेमाला आली होती. ती म्हणाली, “गणपती, मोहरम, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, सगळं आमच्या घरावरून जातं. दिवाळीला ते घरी असले तर पोरं पाहुणे आल्यासारखी बघतात.” तिचं खरं होतं, आणि त्याला इतिहासही आहे. सिनेमा येण्याच्या एकच वर्ष आधी, ऑगस्ट १९८२ मध्ये, मुंबईच्या पोलीस शिपायांनी संप केला होता. त्यांची स्वतःची संघटना होती. पंधरा ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. अठरा तारखेला त्यांचे पुढारी पकडले गेले आणि शिपाई रस्त्यावर आले. शहरात जाळपोळ, लुटालूट झाली, फौज बोलवावी लागली. संघटनेची मान्यता गेली, पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता. म्हणजे ज्या मुंबईत ‘अर्धसत्य’ घडतो, तिथं गिरणीतला कामगार आणि चौकीतला शिपाई दोघंही पिचलेले होते, आणि त्या शिपायाच्याच हातात दांडका होता. अनंतचा बाप शिपाई दाखवलाय, तो उगाच नाही.

याच सुमाराला आपल्याच राज्यात एका खऱ्या मुलीची खरी गोष्ट चालू होती. सिनेमात ज्या बाईची तक्रार मागं पडते, तशा एका मुलीची तक्रार पुढं कुठवर गेली, हे त्या गोष्टीत कळतं. म्हणून ती इथं सांगतो.

देसाईगंज, म्हणजे वडसा. आता गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपुरात होतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री एक आदिवासी मुलगी घरच्यांबरोबर तिथल्या पोलीस ठाण्यात आली होती. घरचीच एक तक्रार होती. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, मुलीला आत थांबवून घेतलं. आत दोन पोलीस होते. तिच्यावर बलात्कार झाल्याची तक्रार त्याच रात्री झाली, कारण बाहेर थांबलेल्यांनी आरडाओरडा केला आणि लोक जमा झाले. मुलीचं नाव आम्ही घेणार नाही. का, ते पुढं येईलच.

सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठानं दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली पुन्हा सोडलं. तिनं विरोध केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, तेव्हा तिची संमती असावी, असा त्या निकालाचा सूर होता. रात्रीची वेळ, ठाणं, वर्दीतली माणसं आणि आत एकटी मुलगी. ती ओरडली नाही म्हणून तिला मान्य होतं म्हणे.

मग सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना एक उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. अधीन होणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हे त्यांनी त्यात मांडलं. पत्र हातोहात फिरलं. मुंबईत बायका एकत्र आल्या, बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० ला शहराशहरांत मोर्चे निघाले, खटला पुन्हा चालवा म्हणून. खटला काही पुन्हा चालला नाही. त्या मुलीला कोर्टानं काहीच दिलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण कायदा बदलला. कधी? डिसेंबर १९८३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ‘अर्धसत्य’ पडद्यावर आला त्याच वर्षी. ताब्यातल्या बाईवर पोलिसानं किंवा सरकारी अधिकाऱ्यानं केलेला बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध झाला हे सिद्ध झालं आणि बाईनं कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ म्हटलं, की कोर्टानं ते खरं धरून चालायचं, असा नियम आला. पीडितेची ओळख छापायला बंदी आली. म्हणून वर नाव घेतलं नाही. आणि त्याच महिन्यात आणखी एक कलम आलं, ४९८ अ. नवऱ्यानं आणि सासरच्यांनी केलेला छळ हा गुन्हा झाला. हे कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या आकड्यांखाली आहे. समाजमंदिरातल्या आजींना आम्ही हे सांगितलं, की त्या सिनेमातल्या आईसाठी तेव्हा हे कलम नव्हतं, वर्षाच्या शेवटी आलं. आजी म्हणाल्या, “आलं तवा आमचं आयुष्य निम्मं झालं व्हतं.”

सिनेमाचा शेवट बऱ्याच जणींना माहीत असेल. चोराच्या मृत्यूवरून अनंत निलंबित होतो. वाचायचं तर रामा शेट्टीकडंच जावं लागणार, अशी वेळ येते. तो जातो. शेट्टी सांगतो, माझा माणूस हो. अनंत त्याचा गळा दाबून त्याला मारतो आणि ठाण्यात येऊन स्वतः हजर होतो. पोरांना हा शेवट आवडतो. आमच्या बायकांत दोन तट पडले. तरुण सुना म्हणाल्या, बरं केलं. वयस्कर बायका म्हणाल्या, एक शेट्टी गेला, त्याच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला जो होता तो तर खुर्चीतच आहे. आम्हाला वयस्करांचं पटलं. चौघांचं पत्र आणि बायकांचे मोर्चे यांच्यावर कुणी असा सिनेमा काढला नाही, काढला तरी त्यात गळा दाबायचा प्रसंग कुठून आणणार? पण त्या फोनच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचले ते तेच.

ज्योत्स्नाबद्दल बोलायचं राहिलंच. अनंतची मैत्रीण, कॉलेजात शिकवणारी. ते काम स्मिता पाटीलनं केलंय. ‘उंबरठा’मुळं ती आपल्याला घरातली वाटते. त्याआधी ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची. निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये, १९८० साली, ओम पुरी आदिवासी नवरा होते आणि स्मिता त्यांची बायको. ‘अर्धसत्य’मध्ये तिचं काम लहान आहे, पण महत्त्वाचं आहे. तिला अनंत आवडतो आणि त्याच्या हातातल्या माराची भीतीही वाटते. ती त्याला सुधारायचा ठेका घेत नाही. लग्नापर्यंत गोष्ट जात नाही. आपल्याकडं अशा मुलीला काय म्हणतात? ‘मनाला लावून घेणारी’. दोन जणींनी तसं म्हटलंही. एकीनं उत्तर दिलं, “लावून घेतलं म्हणूनच वाचली.” स्मिता स्वतः १९८६ च्या डिसेंबरात गेली, बाळंतपणानंतर पंधरवड्यात. वय अवघं एकतीस. हे ऐकून समाजमंदिरात सगळ्या चुकचुकल्या. बाळंतपणाचं नाव निघालं की आपल्याला सगळं सोडून तेच दिसतं.

सिनेमा संपला तेव्हा साडेदहा झाले होते. नवरे दोनदा दारात येऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणी त्या ताईबरोबर ठाण्यात गेलो. जाताना तिची तक्रार कोऱ्या कागदावर लिहून नेली: तारीख, वार, वेळ, जागा, तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, कोण बघत होतं त्यांची नावं. दोन प्रती. आम्हाला कुणाला मारायला लावायचं नव्हतं, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. आम्हाला लिहून हवं होतं. टेबलावरचे हवालदार म्हणाले, साहेब आल्यावर बघू. आम्ही म्हटलं, बसतो. बाकावर बसलो. एकीनं निवडायला मेथी आणली होती, ती निवडत बसलो. पावणेदोन तासांनी एक महिला पोलीस आल्या, त्यांनी तक्रार वाचली, दोन प्रश्न विचारले आणि लिहून घ्यायला सुरुवात केली. गुन्हा नोंदवून घेतल्यावर त्याची प्रत तक्रार देणाऱ्याला फुकट द्यावी लागते. आम्ही ती मागितली. शिक्का थोडा फिका उमटला होता, पुन्हा मारून घेतला. नोंद करायला नाहीच म्हटलं असतं, तर तीच तक्रार टपालानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवायची तयारी होती. पाकिटावर तिकीटही चिकटवून नेलं होतं. ते पाकीट अजून आमच्या पिशवीत आहे.

वाटेवर अडवणारा सध्या त्या वाटेनं जात नाही. पुढं काय होईल ते आज सांगता येत नाही. पंचनाम्याला पोलीस एकदा येऊन गेले, जबाब घरीच घेतला. बाईचा जबाब घ्यायला तिला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी यायचं असतं, हे त्या महिला पोलिसांनीच आम्हाला सांगितलं. तक्रारीची प्रत गटाच्या पेटीत ठेवलीय, पासबुकांच्या खाली. पेटीच्या तीन किल्ल्या तीन जणींकडं असतात, हे तुम्हाला माहीतच आहे.